शनिवारी साडेचारला दिलेला शब्द : अकरा मजली इमारतीवर लीन राबवताना

डिसेंबर २०२२ मध्ये साइटची स्थिती अशी होती. पुण्याच्या पश्चिम भागातली पार्किंग अधिक अकरा मजल्यांची निवासी इमारत, मजल्यावर चार याप्रमाणे ४४ फ्लॅट. बारापैकी चार स्लॅब पडलेले, पाचव्याचं सेंटरिंग (काँक्रीटखालचा तात्पुरता साचा आणि टेकू) चालू. वेळापत्रकात एका स्लॅबला १२ दिवस धरलेले, लागत होते १८ ते २०. ऑफिसच्या भिंतीवरचा बार चार्ट दर सोमवारी पुढे ढकलला जायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये भोगवटा प्रमाणपत्र हाती आलं. मधल्या चौदा महिन्यांत काय केलं, काय फसलं आणि कुठे पैसे गेले ते क्रमाने लिहीत आहोत. 'आपल्याकडेही लीन सुरू करा' असा आदेश आलेला आहे, पण पहिलं पाऊल कुठे टाकायचं ते कळत नाही, अशा साइट इंजिनिअरांना याचा उपयोग व्हावा.

पार्श्वभूमी थोडक्यात. लीन म्हणजे कामातला अपव्यय शोधून कमी करण्याची पद्धत. मूळ विचार टोयोटाचा. तिथले इंजिनिअर ताइची ओनो यांनी कारखान्यातला अपव्यय सात प्रकारांत मांडला. बांधकामात हा विचार आणणारा महत्त्वाचा अहवाल लॉरी कोस्केला यांनी १९९२ मध्ये स्टॅनफर्डमध्ये लिहिला. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी 'लास्ट प्लॅनर' ही पद्धत घडवली आणि १९९७ मध्ये लीन कन्स्ट्रक्शन इन्स्टिट्यूट सुरू केली. या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद २०१८ मध्ये चेन्नईत भरली होती. 'लास्ट प्लॅनर' म्हणजे उद्या सकाळी नेमकं कोणतं काम होणार हे शेवटी ठरवणारा माणूस. आपल्याकडे तो इंजिनिअर नसतो, मुकादम असतो. ही एक गोष्ट पक्की समजली की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

सुरुवात मोजणीपासून केली. ५ ते १० डिसेंबर, सोमवार ते शनिवार, दोन कनिष्ठ इंजिनिअर दर अर्ध्या तासाने ठरलेल्या वाटेने साइटवर फेरी मारायचे. दिसेल त्या प्रत्येक कामगाराची तीनपैकी एका रकान्यात नोंद : प्रत्यक्ष काम (सळई बांधणं, प्लाय ठोकणं, काँक्रीट पसरणं), लागणारं पण इमारतीत भर न घालणारं काम (ने-आण, माप, साफसफाई), आणि थांबलेला. नावं लिहायची नाहीत, हे मुकादमांना आधीच सांगितलं होतं. तरी पहिले दोन दिवस वही दिसली की सगळे हातोडी उचलायचे. ते दोन दिवस हिशेबातून वगळले, तुम्हीही वगळा. उरलेल्या चार दिवसांत जवळपास ११०० नोंदी झाल्या. प्रत्यक्ष काम ३६ टक्के, पूरक काम ३१, थांबलेले ३३. थांबलेल्यांपैकी आळसाने बसलेला क्वचितच एखादा होता. फिटर (सळई बांधणारे) सेंटरिंग पुरं व्हायची वाट बघत होते, सुतार सळईची वाट बघत होते, इलेक्ट्रिशियनला कुणी बोलावलंच नव्हतं. हे आकडे पाहून वाईट वाटलं, कारण तोवर प्रत्येक बैठकीत 'लेबर वाढवा' हाच उपाय निघत होता. वाट पाहणाऱ्यांच्या गर्दीत आणखी माणसं घालून काय होणार?

पुढचं पाऊल पुल प्लॅनिंग, म्हणजे शेवटाकडून मागे येत आखलेलं नियोजन. शनिवार, १७ डिसेंबरला दुपारी दोन वाजता सगळे मुकादम, आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांटचा माणूस, इलेक्ट्रिक आणि प्लंबिंगचे ठेकेदार असे नऊ जण साइट ऑफिसात बसले. भिंतीला ८ बाय ४ फुटांचे तीन प्लाय ठोकून त्यावर सॉफ्ट बोर्ड लावला होता. बोर्ड, जाड रंगीत कागद, पिना, मार्कर मिळून ९,४०० रुपये लागले. चिकटणारे पिवळे कागद आणू नका. साइटची धूळ आणि पंख्याचा वारा यांनी दुसऱ्या दिवशी ते खाली पडलेले असतात. प्रत्येक गँगचा रंग वेगळा : सेंटरिंग हिरवा, फिटर लाल, इलेक्ट्रिक निळा, प्लंबिंग पिवळा. दोन मुकादमांना वाचता येत नव्हतं. रंग आणि साध्या खुणांमुळे त्यांचं काम अडलं नाही.

सगळ्यात उजवीकडे 'स्लॅब भरणे' हा कागद लावला आणि मागे मागे येत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, 'हे काम हातात घेण्याआधी तुला दुसऱ्याकडून काय पुरं झालेलं हवं?' अडीच तासांत अशा गोष्टी बाहेर आल्या ज्या वर्षभराच्या बैठकांत आल्या नव्हत्या. वायरिंगचे पाइप स्लॅबच्या खालच्या जाळीनंतर आणि वरच्या सळईआधी टाकायचे असतात. इलेक्ट्रिशियन यायचा वरची सळई बांधून झाल्यावर. मग फिटरने बांधलेलं सोडायचं आणि पुन्हा बांधायचं, दर स्लॅबला अर्धा दिवस. स्ट्रक्चरल सल्लागारांना तपासणीसाठी आदल्या दिवशी फोन जायचा आणि ते दोन दिवसांनी यायचे. त्यांना ७२ तास आधी कळवलं तर ते ठरल्या वेळी येतात, इतकी साधी गोष्ट. आरएमसी प्लांटला ४८ तास आधी पक्की मागणी हवी होती, आम्ही आदल्या संध्याकाळी द्यायचो. तयार काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४९२६ प्रमाणे मिक्सरमध्ये माल भरल्यापासून दोन तासांत तो रिकामा व्हायला हवा आणि आमच्या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ अवजड वाहनांना बंदी. त्यामुळे स्लॅब सकाळी साडेदहाला सुरू करायचा आणि पाचच्या आत संपवायचा, हेही त्याच बैठकीत ठरलं.

बैठकीत जेवण-चहा ठेवा आणि त्या अर्ध्या दिवसाची हजेरी भरून द्या. आम्ही ती दिली. मुकादम फुकट बसायला येत नाही, आणि का यावं?

मग साप्ताहिक बैठक. वेळ शनिवारी दुपारी साडेचार, कारण पाच-साडेपाचला खर्ची (आठवड्याची उचल) वाटली जाते आणि सगळे मुकादम ऑफिसकडे येतातच. बैठक पाऊण तासाच्या पुढे न्यायची नाही. प्रत्येकाने पुढच्या आठवड्यात काय पुरं करणार ते सांगायचं, आणि ते असं मांडायचं की पुढच्या शनिवारी उत्तर 'झालं' किंवा 'नाही' एवढंच देता यावं. 'सहाव्या मजल्यावर फिटिंग चालू राहील' हा शब्द नव्हे. 'ए भागाच्या बीमची सळई बुधवारी संध्याकाळी पुरी' हा शब्द. ऐंशी टक्के झालेलं काम शून्य धरायचं. हे कठोर वाटतं, पण पुढच्या गँगला ऐंशी टक्के झालेल्या सेंटरिंगवर चढता येत नाही. पाळलेले शब्द भागिले दिलेले शब्द, हा टक्का म्हणजे पीपीसी (पर्सेंट प्लॅन कम्प्लीट).

पहिल्या आठवड्यात १९ पैकी ८, म्हणजे ४२ टक्के. पाचव्यात २१ पैकी १४. मधल्या आठवड्यांत आकडा वरखाली होत राहिला. खरी अडचण आकड्यात नव्हती. काहीही विचारलं की उत्तर एकच यायचं, 'हो जाएगा साहब.' वर्षानुवर्षं 'नाही' म्हणणाऱ्याला बोलणी बसलेली असतात, त्यामुळे मुकादम होकार देऊन मोकळा होतो आणि शनिवारी कारण सांगतो. १४ जानेवारीला फिटरच्या मुकादमाने पहिल्यांदा सांगितलं की जिन्याच्या लँडिंग बीमची सळई ड्रॉइंगमध्ये नीट दिसत नाही, त्यामुळे तो शब्द देणार नाही. प्रकल्पप्रमुखांनी तिथल्या तिथे सल्लागारांना फोन लावला आणि सोमवारी सुधारित ड्रॉइंग आलं. सातव्या स्लॅबच्या वेळची ही गोष्ट. त्या दिवसानंतर बैठकीत खरं बोललं जाऊ लागलं. पुढे कंपनीतून सूचना आली की शब्द मोडल्यास ठेकेदाराच्या आरए (चालू कामाच्या) बिलातून कपात करावी. आम्ही ठामपणे विरोध केला. कपात लावली असती तर दुसऱ्याच आठवड्यात सगळे सोपे शब्द देऊ लागले असते आणि बोर्ड शोभेचा झाला असता.

कपात नसतानाही ते एकदा घडलंच. फेब्रुवारीत सलग दोन आठवडे पीपीसी ९० टक्क्यांच्या वर गेला आणि स्लॅब मात्र जागचा हलला नाही. पाहिलं तर शब्द होते प्लायची साफसफाई, सळईची रचाई, पार्किंगमधला राडारोडा उचलणं असे. म्हणून एक अट घातली : दिलेल्या शब्दांपैकी निदान तीन चतुर्थांश शब्द सहा आठवड्यांच्या तक्त्यातले, म्हणजे पुढच्या कामाची वाट मोकळी करणारे असलेच पाहिजेत. नुसता टक्का पाहणाऱ्या वरिष्ठांना ही अट आधी समजावून सांगा.

तो सहा आठवड्यांचा तक्ता, लूक-अहेड, हा आमच्या मते या पद्धतीचा सगळ्यात किमती भाग आहे आणि सगळ्यात आधी दुर्लक्षही त्याचंच होतं. पुढच्या सहा आठवड्यांतल्या प्रत्येक कामासमोर सात रकाने : ड्रॉइंग, माल, माणसं, आधीचं काम, यंत्रं, जागा, परवानगी. जो रकाना मोकळा नाही त्यासमोर एका माणसाचं नाव आणि तारीख. 'ऑफिस बघेल' असं लिहायचं नाही. सगळे रकाने मोकळे झाल्याशिवाय काम साप्ताहिक बोर्डावर चढत नाही. लिफ्ट पुरवठादाराचं शाफ्टचं ड्रॉइंग, खिडक्यांच्या सेक्शनला लागणारे सात आठवडे, प्लंबिंगच्या स्लीव्हची (पाइप जाण्यासाठी स्लॅबमध्ये ठेवायच्या नळीची) जागा, हे सगळं या तक्त्यात वेळेत दिसलं. होळीसुद्धा दिसली होती. ७ मार्चला धुळवड, सुतारांपैकी बहुतेक बिहार आणि झारखंडचे. आम्ही तक्त्यात आठ दिवसांची सुट्टी धरली. परतीची तिकिटं काढून द्यायला हवी होती, ती दिली नाहीत. माणसं सोळा दिवसांनी परतली. दहावा स्लॅब २४ दिवसांवर गेला. त्याच नोव्हेंबरात दिवाळी आणि छठपूजेच्या वेळी जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटं आधीच काढून दिली, माणशी साधारण १,४०० रुपये, आणि जवळपास सगळे ठरल्या तारखेला हजर झाले.

आता स्लॅबचं चक्र खरंच कशाने कमी झालं ते. काम लहान तुकड्यांत करण्याने. ४३० चौरस मीटरचा अख्खा स्लॅब एकदम भरायचा म्हणजे २२ सुतार पाच दिवस जुंपायचे आणि नंतर सहा दिवस रिकामे ठेवायचे. त्याऐवजी मजल्याचे ए आणि बी असे दोन भाग केले. ए मध्ये फिटर असताना बी मध्ये सुतार, ए भरला की सुतार वरच्या मजल्याच्या कॉलमकडे. सुतार १४ झाले, पण रोज कामावर. यासाठी मधला कन्स्ट्रक्शन जॉइंट (आधीच्या आणि नंतरच्या काँक्रीटचा सांधा) कुठे घ्यायचा ते सल्लागारांनी लेखी दिलं पाहिजे, साइटवर अंदाजाने ठरवायचं नाही. ती मंजुरी यायला १६ दिवस लागले, म्हणून ही पद्धत आठव्या स्लॅबपासून सुरू झाली. जॉइंटला उभी जाळी लावायची, दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग खरवडून सैल खडी काढायची, भरण्याआधी तो ओला करायचा. साधारण ९० घनमीटर काँक्रीट आता ४५-४५ मध्ये. पंप दोनदा बोलवावा लागतो, त्याचे दर स्लॅबला ८,५०० रुपये जास्त, पाच स्लॅबचे ४२,५०० रुपये. सहावा स्लॅब १९ दिवस, सातवा १७, आठवा १५, नववा १३, दहावा होळीमुळे २४, अकरावा १३, बारावा १२.

इथे एक इशारा कळकळीने द्यायचा आहे. चक्र कमी करायचं म्हणून टेकू लवकर काढू नका. काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्यापुढे १४ दिवस, ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४ आणि त्याहून लांब बीमचे २१ दिवस ठेवायला सांगितले आहेत. तेही साधं पोर्टलंड सिमेंट असेल आणि तापमान १५ अंशांखाली जात नसेल तर. पुण्यात जानेवारीच्या रात्री पारा त्याखाली जातो आणि आरएमसीत फ्लाय अॅश (कोळशाची राख) असते, म्हणजे सिमेंट साधं नसतं. आम्ही जानेवारी-फेब्रुवारीत क्यूबचा (काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांच्या ताकदीचा) निकाल पाहून, सल्लागारांना विचारूनच टेकू काढले. वाट पाहण्यातला वेळ वाचवायचा असतो, काँक्रीट पक्कं व्हायला लागणारा वेळ नाही.

सळईचा साठाही उतरवला. आधी दोन स्लॅबची सळई आवारात पडून असायची. एका स्लॅब-बीमला ११ टन, म्हणजे सुमारे साडेसहा लाख रुपयांचा माल, शिवाय खालून १२ मिमीची सळई काढायला वरची १६ची हलवा. एका स्लॅबपुरता साठा आणि चार दिवसांची राखीव, इतकंच ठेवलं. हाच नियम टाइल्सना लावायला गेलो आणि चुकलं. टाइल्सच्या प्रत्येक बॅचची छटा थोडी वेगळी असते. चौथ्या मजल्यावर एका हॉलमध्ये दोन बॅच मिसळल्या आणि ३८ चौरस मीटर फरशी उखडावी लागली. टाइल्स पूर्ण मजल्याच्या एकाच बॅचमध्ये, पाच टक्के जादा धरून घ्या. साठा म्हणजे नेहमीच अपव्यय नव्हे.

फिनिशिंगला १५ मे २०२३ पासून टाक्ट लावला. म्हणजे प्रत्येक गँगला एका मजल्यासाठी सारखाच वेळ, आमच्याकडे कामाचे सहा दिवस, आणि सगळ्या गँग आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागून एक वर चढत जातात. डबे नऊ : एएसी (हलक्या काँक्रीटच्या) ब्लॉकचं काम, झिऱ्या (भिंतीतल्या खाचा) आणि आतले पाइप, आतलं प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, फरशी-डॅडो, ओटा आणि खिडक्या, पुट्टी आणि पहिला हात, इलेक्ट्रिक व सॅनिटरी फिटिंग, शेवटची तपासणी. प्लास्टर वाळायला आणि टॉयलेटमध्ये पाणी भरून ४८ तास चाचणी घ्यायला दोन रिकामे डबे जोडले. एकूण वेळ काढायचं सूत्र सोपं आहे : मजले अधिक डबे वजा एक. ११ अधिक ११ वजा १, म्हणजे २१ आठवडे.

सुरुवातीच्या आठवड्यांत गाडी दोनदा अडली. पहिल्यांदा ब्लॉकसाठी. सहाव्या मजल्यावर ब्लॉकचं काम सुरू का झालं नाही? ब्लॉक वर गेले नाहीत. का? हॉइस्ट (माल वर चढवणारी लिफ्ट) रिकामा नव्हता. का? त्याच वेळी खालच्या मजल्याच्या प्लास्टरची वाळू-सिमेंट चढत होती. का? हॉइस्टचे तास कुणी वाटलेच नव्हते. जो आधी ओरडेल त्याचा माल आधी. मग वेळापत्रक लावलं : ८ ते १० ब्लॉक, १० ते १२ वाळू-सिमेंट, २ ते ४ टाइल्स आणि फिटिंगचा माल, ४ ते साडेपाच राडारोडा खाली. खर्च शून्य, आणि पूर्ण प्रकल्पात इतका फरक दुसऱ्या कशाने पडला नाही. ब्लॉकही मोजून चढवू लागलो. ६०० बाय २०० मिमीचे ब्लॉक चौरस मीटरला साडेआठच्या आसपास लागतात. ११० चौरस मीटर भिंतीच्या फ्लॅटला सव्वानऊशे, खोलीनिहाय वाटून, काम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी जागेवर. पावसाळ्यात त्यावर ताडपत्री हवीच. भिजलेला ब्लॉक भिंतीत गेला की प्लास्टरला नंतर तडे जातात.

दुसऱ्यांदा प्लास्टरसाठी. त्या गँगला मजल्याला आठ दिवस लागत होते. त्यांना घाई करायला लावलं असतं तर काँक्रीट आणि ब्लॉकच्या सांध्यावरची चिकन मेश (तडे रोखणारी तारेची जाळी) पहिली वगळली गेली असती, म्हणून एक मिस्त्री आणि दोन बिगाऱ्यांची जोडी वाढवली. प्लंबरचं काम उलट चार दिवसांत उरकायचं. उरलेल्या दोन दिवसांसाठी त्यांच्याकडे राखीव काम ठेवलं, शाफ्टमधले उभे पाइप आणि क्लँप. पुढच्या मजल्यावर लवकर घुसायचं नाही, हे त्यांना पटवायला तीन आठवडे गेले. लवकर घुसलेला प्लंबर ब्लॉकवाल्याची जागा अडवतो आणि ओल्या सांध्याच्या भिंतीत झिरी मारतो.

टाइल्सच्या घोळात दोन आठवडे गेले, गणपतीत एक, आणि जुलैच्या पावसात वाळू भिजून प्लास्टर रेंगाळल्याने एक. २१ आठवड्यांची गाडी २५ आठवड्यांत, ४ नोव्हेंबरला, दिवाळीच्या आठवडाभर आधी शेवटच्या मजल्यावरून बाहेर पडली.

भोगवट्याच्या कागदपत्रांनाही ऑगस्टमध्येच असाच उलटा बोर्ड लावला होता. अंतिम अग्निशमन ना-हरकत, लिफ्टचा परवाना, ड्रेनेज जोडणीचा दाखला, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल सल्लागारांचे दाखले, प्रत्येकाला आधी काय लागतं ते मागे मागे लिहीत गेलो. लिफ्टच्या तपासणीला कायमची वीजजोडणी हवी, त्या जोडणीला मीटर रूम तयार हवी, आणि मीटर रूमचं प्लास्टर आमच्या यादीत सगळ्यात शेवटी होतं. ते सप्टेंबरमध्ये वर घेतलं. अर्ज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेला, दोन त्रुटी निघाल्या, त्या नऊ दिवसांत दुरुस्त केल्या, प्रमाणपत्र फेब्रुवारीच्या अखेरीस मिळालं. महारेराच्या तिमाही प्रगती अहवालासाठीही साप्ताहिक बोर्डाचे फोटो कामी आले. दर शनिवारी बोर्ड पुसण्याआधी फोटो काढून ठेवा.

शेवटी मोडलेल्या सगळ्या शब्दांची कारणं एकत्र मांडली. सर्वांत जास्त वेळा कारण होतं आधीच्या गँगचं काम अपुरं, त्याखालोखाल माल, मग ड्रॉइंग आणि निर्णय. 'माणसं आली नाहीत' हे कारण चौथ्या क्रमांकावर होतं, आणि त्यातलं निम्मं होळीच्या त्या दोन आठवड्यांतलं.

पुढच्या साइटवर बोर्ड पायाच्या खोदाईपासूनच लावला आहे. हॉइस्टचं वेळापत्रक आणि परतीच्या तिकिटांची रक्कम यावेळी अंदाजपत्रकातच धरली आहे. तिथल्या पहिल्या शनिवारी ११ पैकी ५ शब्द पाळले गेले, आणि खोदाईच्या मुकादमाने एका कामाला त्याच बैठकीत 'नाही' सांगितलं.